पान केवढे असावे?

गेल्या वर्षी ऐन आषाढात, बाहेर पाऊस कोसळत असताना, एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. मला निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. त्यामुळे कामाचा फोन म्हणजे आता अप्रूपच. "सर, एक विचारू का? गोदामाच्या अनुक्रमणिकेच्या प्रोग्रॅममध्ये ४०९६ हा आकडा तुम्ही घातला होतात का?"

घातला होता. १९९३ साली, माझ्याच हाताने, सतरा ठिकाणी. त्यातल्या पहिल्या जागी शेजारी इंग्रजीत टीपही होती : 'पानाचे माप. हे बदलत नाही.' ती टीप त्याने मला फोनवर वाचून दाखवली. तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.

झाले होते ते असे. त्यांच्याकडे नव्या जातीचे यंत्र आले होते. मोठ्या फाइलचा हवा तेवढाच तुकडा मेमरीत मागवायची सोय असते, पण तो तुकडा कुठून सुरू करायचा हा आकडा यंत्राच्या पानाच्या मापाच्या पटीतच द्यावा लागतो. माझा प्रोग्रॅम दर ४०९६ बाइटांवरचा तुकडा मागत असे. नव्या यंत्राचे पान होते १६,३८४ बाइटांचे. म्हणून पहिला तुकडा मिळाला. दुसरा, तिसरा, चौथा नाकारला गेला. पाचवा पुन्हा मिळाला. त्या चारांच्या तालावरूनच सहकाऱ्याला मूळ दुखणे सापडले.

'बदलत नाही' असे मी कशाच्या जोरावर लिहिले होते, हा प्रश्न मात्र त्या फोननंतर माझ्या डोक्यातून जाईना. तीस वर्षे ज्याला निसर्गनियम समजून चाललो, तो आकडा कुणी ठरवला, कधी, आणि कशाशी तडजोड करून? त्याचा माग काढत गेलो, तो थेट मँचेस्टरला जाऊन पोचलो.

संगणकाच्या मेमरीला 'पान' हा शब्द चिकटला तो तिथे, १९४९ च्या सुमारास. मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी कॅथोड-रे नळीच्या काचेवर विद्युतभाराचे ठिपके साठवून मेमरी बनवली होती. त्यांच्या मार्क १ या यंत्रात ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ४० ठिपके अशा एका चौकटीला ते 'पान' म्हणत. नळीच्या तोंडाकडे पाहिले तर खरोखरच काहीतरी लिहिलेले पान दिसे. म्हणजे पानाचे पहिले माप ठरवले ते काचेच्या नळीने. अशी चारच पाने यंत्राच्या जलद मेमरीत मावत. बाकीची १२८ पाने फिरत्या चुंबकीय ड्रमवर. ड्रमवरचे कोणते पान कधी नळीवर आणायचे आणि कोणते परत पाठवायचे, हे सारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायचे. ॲलन ट्युरिंगने १९५१ साली या यंत्राच्या पुढच्या, फेरँटी कंपनीने बांधलेल्या आवृत्तीसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकरता हस्तपुस्तिका लिहिली, तीतही ही पाने आहेत.

ही हमाली किती कंटाळवाणी असते ते मी स्वतः भोगले आहे. १९८४ साली मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा आमच्या लहानशा मिनिकॉम्प्युटरवर एका प्रोग्रॅमला ६४ किलोबाइटच मिळत. पगारपत्रकाचा प्रोग्रॅम त्यात मावत नसे. मग आलेखाच्या कागदावर झाड काढायचे : हा भाग कायम मेमरीत राहील, हे दोन भाग आळीपाळीने एकाच जागेत येतील, हा तिसरा फक्त महिनाअखेरीला. याला 'ओव्हरले' म्हणत. एकदा मी दोन भाग एकाच जागेत बसवले आणि ते दोघे एकमेकांना सतत हाका मारणारे निघाले. रात्रभर डिस्कचे डोके कटकट करत राहिले. दोन तासांचे काम सकाळी साडेसहाला संपले, आणि पहिल्या पाळीचे कामगार पगाराच्या रांगेत उभे असताना मी शेवटच्या पावत्या फाडत होतो. त्या दिवशी ज्येष्ठांची जी बोलणी खाल्ली ती योग्यच होती.

हे ओझे माणसाच्या डोक्यावरून उतरवून यंत्राच्या डोक्यावर ठेवायचे, ही कल्पना युरोपात दोन-तीन डोक्यांत एकाच सुमारास घोळत होती. बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ गुंट्श याने १९५७ च्या आपल्या प्रबंधात ती कागदावर मांडली. मँचेस्टरमध्ये टोनी ब्रुकर याच्या ऑटोकोडने १९५४ पासूनच ड्रम आणि नळी यांच्यातला भेद प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापासून लपवायला सुरुवात केली होती. पण प्रत्यक्ष यंत्राच्या हाडामांसात ती उतरली ती ॲटलस संगणकात. किलबर्नच्या गटाने १९५६ साली त्याचे काम हाती घेतले, पुढे फेरँटी कंपनी त्यात सामील झाली, आणि ७ डिसेंबर १९६२ रोजी सर जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या हस्ते मँचेस्टरमध्ये त्याचे उद्घाटन झाले.

ॲटलसमध्ये ४८ बिटांचे १६,३८४ शब्द मावतील एवढी कोअर मेमरी होती आणि ड्रमांवर ९८,३०४ शब्द. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र सांगितले गेले की तुमच्यापुढे एकच लांबलचक मेमरी आहे, हवा तो पत्ता वापरा. किलबर्न, एडवर्ड्स, लॅनिगन आणि समनर यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या रचनेला 'एकपातळी साठवण' असे साधे नाव दिले आहे. 'आभासी' हे मायावी विशेषण नंतरचे, आणि माझ्या मते किलबर्नचे नाव अधिक प्रामाणिक होते.

युक्ती अशी. सारी मेमरी ५१२ शब्दांच्या पानांत कापायची. कोअरमध्ये अशी ३२ पाने मावतात. प्रत्येक जागेवर एक पाटी, तिच्यावर सध्या तिथे बसलेल्या पानाचा क्रमांक. प्रोग्रॅमने पत्ता उच्चारला की त्यातला पानाचा क्रमांक बत्तीसही पाट्यांशी एकाच वेळी ताडून पाहायचा. जुळला तर काम पुढे. नाही जुळला तर प्रोग्रॅमला जागच्या जागी थोपवायचे, ड्रमवरून ते पान आणायचे, आणि जणू काही झालेच नाही अशा रीतीने तीच आज्ञा पुन्हा चालवायची.

या न जुळण्यालाच पुढे 'पेज फॉल्ट' म्हणू लागले. शब्द दिशाभूल करणारा आहे. यात चूक कुणाचीच नसते. मँचेस्टरच्या मंडळींनी त्याला दिलेले नाव, 'समतुल्य नसल्यामुळे आलेला व्यत्यय' अशा अर्थाचे, रुक्ष पण अचूक होते. ज्यांनी पोथी हाताळली आहे त्यांना हे चटकन कळेल. पोथीची पाने सुटी असतात, प्रत्येकावर क्रमांक असतो. वाचणाऱ्यापुढे चौरंगावर चार पाने, बाकीची बासनात. हवे ते पान चौरंगावर नसले तर पोथी चुकली असे कुणी म्हणत नाही. वाचन थांबते, पान येते, वाचन पुढे चालते.

पण थांबणे किती वेळाचे, यावर सारे अवलंबून. ॲटलसच्या कोअरचा एक फेरा दोन मायक्रोसेकंदांचा. ड्रमचा एक फेरा बारा मिलिसेकंदांचा. हवे पान डोक्याखाली येईपर्यंत सरासरी सहा मिलिसेकंद वाट पाहायची आणि मग ते उतरवून घ्यायला आणखी दोन. म्हणजे एका फॉल्टमागे कोअरचे चार हजार फेरे वाया. पानाच्या मापाचा सगळा वाद या दोन आकड्यांच्या दरीत दडलेला आहे. वाट पाहण्याचे सहा मिलिसेकंद पान लहान असो वा मोठे, द्यावेच लागतात. मग एवढा खर्च करून आणायचेच तर जरा मोठे पान का आणू नये? आणि मोठे आणले तर त्यातले निम्मे न वाचताच परत जाणार, शिवाय ते बसवायला दुसरे मोठे पान हाकलावे लागणार, त्याचे काय?

एका इतिहास-संशोधक मित्राबरोबर मी पुण्याच्या पेशवे दफ्तरात एकदा गेलो होतो. तिथे कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. मित्राला एक पत्र हवे होते. समोर अख्खा रुमाल आला. मला ते उधळपट्टीचे वाटले. पण पुढच्या दोन तासांत त्याने त्याच रुमालातली आणखी सहा पत्रे काढली, कारण एका प्रकरणाचे कागद बहुधा शेजारीशेजारीच असतात. संगणकाचे प्रोग्रॅमही असेच वागतात. आता जिथे हात घातला त्याच्या आसपासच पुढचा हात पडतो. हे जितके खरे तितके मोठे पान फायद्याचे. मात्र दुसऱ्या दिवशी मित्राला वीस वेगवेगळ्या गावांचे एकेकच पत्र हवे होते, आणि संध्याकाळी टेबलावर वीस रुमाल आणि शिपायाच्या कपाळावर आठ्या होत्या.

एक पान हाकलायचे ते कोणते, यासाठी ॲटलसमध्ये एक 'शिकणारा' प्रोग्रॅम होता. प्रत्येक पान किती वेळ पडून आहे आणि मागच्या खेपेला किती वेळ पडून होते याची तो नोंद ठेवी. नेहमीपेक्षा जास्त वेळ पडून राहिलेले पान बिनकामाचे समजून आधी ड्रमवर पाठवी. शिवाय एक जागा कायम मोकळी ठेवी, म्हणजे येणाऱ्याला जाणाऱ्याची वाट पाहावी लागू नये.

ॲटलसच्या या थाटामाटाच्या वेळी आपल्याकडे काय होते, हे पाहण्याचा मोह झाला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक १९६० साली कामाला लागला होता. त्याची कोअर मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची. १९६४ साली तिथेच आलेल्या सीडीसी ३६०० मध्ये ३२,७६८ शब्द होते. दोन्हींत आपोआप पान उलटण्याची सोय नव्हती. त्या पिढीच्या माणसांचा माझ्यावर पुढे बराच परिणाम झाला. प्रोग्रॅम लिहिण्याआधी जागेचा हिशेब मांडणारी ती माणसे होती, आणि यंत्र आपोआप काही करते म्हटले की त्यांच्या भुवया उंचावत.

भुवया उंचावणे अनाठायी नव्हते. साठच्या दशकात जगभर तेच चालले होते. अमेरिकेत बरोजच्या बी५००० यंत्राने वेगळी वाट धरली : ठरावीक मापाची पाने नकोत, प्रोग्रॅमचे नैसर्गिक तुकडे पडतील तसे लहानमोठे ठेवू. कल्पना देखणी, पण लहानमोठे तुकडे येत-जात राहिले की मधल्या मोकळ्या जागा अशा विखुरतात की एकूण जागा पुरेशी असूनही नवा तुकडा बसत नाही. एसटीच्या टपावरचे सामान आठवावे. सारख्या मापाच्या पेट्या असल्या की हा प्रश्नच येत नाही. मोबदल्यात प्रत्येकाच्या शेवटच्या पेटीत सरासरी अर्धी जागा रिकामी राहते. हे नुकसान पानाच्या मापाबरोबर वाढते. उलट पान लहान केले तर पानांची संख्या वाढते आणि त्यांची यादीच जागा खाऊ लागते. या दोन नुकसानांची बेरीज कमीत कमी कुठे होते याचे सोपे गणित आहे : प्रोग्रॅमच्या आकाराला यादीतल्या एका नोंदीच्या आकाराने गुणायचे, दुप्पट करायचे, वर्गमूळ काढायचे. प्रोग्रॅम एक मेगाबाइटचा आणि नोंद आठ बाइटांची धरली तर उत्तर येते नेमके ४०९६. पाठ्यपुस्तकात हे उदाहरण पाहून मी तरुणपणी भारावलो होतो. या गणितात ड्रमची वा डिस्कची वाट पाहणे कुठेच नाही, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रणालीसाठी बनवलेल्या जीई-६४५ यंत्रात तर ६४ शब्दांचे आणि १०२४ शब्दांचे अशी दोन मापांची पाने ठेवली होती. लहानासाठी लहान, मोठ्यासाठी मोठे. व्यवहारात दोन मापांचा संसार झेपेना आणि १०२४ तेवढे टिकले. आयबीएमने १९६५ साली जाहीर केलेल्या ३६०/६७ मध्ये पान ४०९६ बाइटांचे होते. माझ्या आकड्याचा मोठ्या यंत्रावरचा जन्म हा असा. पण त्या यंत्राची टीएसएस ही प्रणाली इतकी संथ निघाली की आपोआप पाने उलटण्याच्या कल्पनेचीच बदनामी झाली.

संथ का, याचे उत्तर एमआयटीत पीएच.डी. करणाऱ्या पीटर डेनिंगने १९६८ साली दिले. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या-त्या घडीला पानांचा एक किमान संच हाताशी लागतो. तेवढी जागा नसताना आणखी प्रोग्रॅम आत घेतले की प्रत्येक जण दुसऱ्याचे पान हाकलतो, दुसरा लगेच ते परत मागतो, आणि यंत्र फक्त पाने वाहत बसते. याला इंग्रजीत जो शब्द रूढ झाला तो मळणीच्या शब्दाचा भाऊ आहे; पण मळणीतून दाणे निघतात, यातून काहीच निघत नाही. माझी ती १९८४ ची पगाराची रात्र म्हणजे हाताने घडवलेली हीच मळणी होती. डेनिंगचा उपाय साधा होता : ज्याचा संच मावत नाही त्याला दाराबाहेर थांबवा.

त्याच सुमारास आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स प्रयोगशाळेत, पानाचे माप बदलून पाहता येईल अशा एम४४ नावाच्या प्रायोगिक यंत्राभोवती, लास्लो बेलाडी हा मूळचा बुडापेस्टचा अभियंता पाने हाकलण्याच्या पद्धती पारखत होता. त्याने १९६६ साली मांडलेली सर्वोत्तम पद्धत अशी : जे पान भविष्यात सर्वांत उशिरा लागणार आहे ते हाकला. भविष्य ठाऊक नसल्याने ती वापरता येत नाही, पण बाकीच्यांना मोजायला ती फूटपट्टी झाली. पुढे १९६९ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी एक विचित्र गोष्टही दाखवली. 'आधी आला तो आधी बाहेर' या नियमाने १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ अशी पाने मागून पाहा. तीन जागा असताना नऊ फॉल्ट होतात. चार जागा दिल्या तर दहा. वाचकांनी कागदावर जरूर करून पाहावे. मेमरी वाढवून यंत्र मंदावलेले मी स्वतः पाहिले नाही, पण हे कोडे मी कित्येक नव्या मुलांना घातले आहे.

आणि मग डेव्हिड सेयर. हा मुळात स्फटिकांचा अभ्यासक. त्या शास्त्रात त्याच्या नावाचे समीकरण आहे. पहिला फोरट्रान कंपायलर बनवणाऱ्या गटातही तो होता. डिसेंबर १९६९ मध्ये त्याने एक सरळ प्रश्न विचारणारा लेख लिहिला : प्रोग्रॅमच्या आपोआप घातलेल्या घड्या हाताने घातलेल्या घड्यांची जागा घेण्याइतक्या चांगल्या आहेत का? 'घडी' हा त्याचाच शब्द, आणि ओव्हरलेपेक्षा कितीतरी नेमका. मोजमाप करून त्याने उत्तर दिले की आहेत. नीट चालवले तर यंत्राच्या घड्या माणसाच्या घड्यांच्या तोडीस तोड उतरतात. आणि माणसाने घडी घालण्यात घालवलेले महिने वाचतात ते वेगळेच. तो लेख मी नोकरीची वीस वर्षे झाल्यावर वाचला. वाचताना थोडा राग आला. माझ्या आलेखाच्या कागदांआधी पंधरा वर्षे हे सिद्ध झाले होते, पण आमच्या टेबलावरच्या यंत्राला ते परवडत नव्हते. आयबीएमने आपल्या ३७० मालिकेसाठी ही सोय ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर केली आणि वाद संपला.

माप मात्र संपले नव्हते. १९७७ च्या व्हॅक्स यंत्राने पुन्हा ५१२ बाइटांचे पान घेतले, कारण मेमरी महाग होती आणि अर्धे पान वाया घालवणे जिवावर येई. मग १९८५ साली इंटेलचा ८०३८६ आला, आणि त्याने ४०९६ ला सिंहासनावर बसवले. त्या रचनेतला नेटकेपणा मोहात पाडणारा आहे. पत्ता ३२ बिटांचा. त्यातले शेवटचे बारा बिट पानातली जागा दाखवतात, म्हणजे ४०९६ बाइट. उरलेले वीस, दहा-दहाचे दोन भाग करून, दोन याद्यांत शोधायला. प्रत्येक यादीत १०२४ नोंदी, चार-चार बाइटांच्या. म्हणजे यादी स्वतःही बरोबर एका पानाची. सारे एकमेकांत असे चपखल बसते की हे कुणी ठरवले नसून सापडले आहे असे वाटावे. १९९३ साली 'हे बदलत नाही' लिहिताना माझ्या नजरेसमोर हेच चित्र होते.

पण अलीकडची पाने शोधायला दर वेळी याद्या चाळाव्या लागू नयेत म्हणून प्रोसेसरमध्ये एक छोटी वही असते, ॲटलसच्या पाट्यांची वारसदार. ३८६ च्या वहीत ३२ नोंदी होत्या. बत्तीस चोक १२८ किलोबाइट; एक मेगाबाइटच्या यंत्राला ते पुरे होते. आज १६ गिगाबाइटच्या साध्या लॅपटॉपमध्ये ४०९६ बाइटांची एक्केचाळीस लाख चौऱ्याण्णव हजार तीनशे चार पाने होतात. वह्या वाढल्या, पण त्या प्रमाणात मुळीच नाही. आता खर्च ड्रमची वाट पाहण्याचा राहिलेला नाही. पान मेमरीत असूनही ते कुठे आहे हे शोधण्याचा आहे. वादाच्या दोन्ही बाजू बदलल्या आणि निकाल तोच राहिला.

म्हणून मग इंटेलच्या यंत्रांवर दोन मेगाबाइटचे महापान आले, ५१२ पानांएवढे एक. लिनक्सने २०११ पासून ते आपण होऊन द्यायला सुरुवात केली, आणि त्याबरोबर रुमालाचे जुने दुखणे परतले : एका प्रोग्रॅमची प्रत काढल्यावर एक बाइट बदलला तरी दोन मेगाबाइट नकलून घ्यावे लागत. काही डेटाबेसचे कर्तेच ही सोय बंद ठेवा म्हणून सांगतात. ॲपलने आपल्या ६४ बिटी फोनांत आणि २०२० पासूनच्या एम१ संगणकांत मधला मार्ग घेतला, १६,३८४ बाइटांचा. रास्पबेरी पाय ५ त्याच मापाने येतो. अँड्रॉइडच्या २०२४ च्या पंधराव्या आवृत्तीने त्या मापाला दार उघडले. आणि जगभरच्या प्रोग्रॅमांत माझ्यासारख्यांनी लिहून ठेवलेले ४०९६ एकेक करून फुटू लागले. आपले एकट्याचे नाही, हे कळल्यावर मला बरे वाटले, हे कबूल करतो.

सहकाऱ्याने मला प्रोग्रॅम पाठवला. पानाचे माप यंत्रालाच विचारायची सोय १९९३ सालीही होती. एका ओळीचे काम. मी ती ओळ तेव्हा का लिहिली नाही याचे कारण एवढेच की उत्तर मला ठाऊक होते. आता सतरापैकी सोळा जागा बदलल्या. सतरावी फाइलच्या आत आहे : तीस वर्षांच्या नोंदी ४०९६ बाइटांच्या कप्प्यांत लिहिलेल्या आहेत, आणि गोदामाचे कामकाज थांबवून त्या नव्याने लिहायला कुणी तयार नाही. त्यामुळे प्रोग्रॅम आता आधीच्या १६,३८४ च्या हद्दीवरून मागणी करतो आणि हवा तो कप्पा येईपर्यंतचा भाग सोडून देतो. पहिल्या जागेची टीप सहकाऱ्याने काढू का म्हणून विचारले. मी तिच्याखाली तारीख घालायला सांगितली.